सरसाची बरणी

दिनकरबुवा दुकानाच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांच्या खांद्यावर चादरीत बांधलेली पेटी होती, आणि ती कुठली पेटी हे मी चादरीवरूनच ओळखलं. आठच दिवसांपूर्वी तिचे सदतीस सूर मी एकटीनं लावले होते. दुकानातून बाहेर गेलेली माझ्या हातची ती पहिली पेटी. ती आठ दिवसांत परत आली म्हणजे काय झालं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी मागच्या दारात भात्याचं कापड हातात धरून उभी होते, ती तशीच उभी राहिले.

बुवांनी पेटी बैठकीवर ठेवली, टोपी काढून घाम पुसला, पाणी मागून घेतलं. माणूस तसा गोड. शाळेतून निवृत्त झालेले, खडकमाळच्या भजनी मंडळात पेटीला बसायचे, आणि आवाज चढवून बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तक्रार अशी त्यांनी केलीच नाही. पेटी उघडली, डाव्या हातानं भाता हलकेच ओढला आणि खालच्या षड्जावर न् पंचमावर बोटं ठेवली.

दोन सूर एकमेकांत मिळाले की आवाज सरळ निघतो. नाही मिळाले की हेलकावतो, वाँव वाँव करत राहतो. बुवांच्या बोटांखाली माझी पेटी अशी हेलकावत होती की रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्यालाही कळावं.

"कुणी लावली?" बुवांनी विचारलं.

"शालननं," अप्पा म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे वडील. फलटणच्या पेठेत आमचं पांचाळांचं पेट्यांचं दुकान, आणि दुकानामागंच घर. मधे एक भिंत, भिंतीच्या अलीकडं सूर, पलीकडं आईचा स्वयंपाक. आमच्या घरात कामाची वाटणी पक्की होती. लाकूडकाम आणि सूर अप्पांचे, भाता बायकांचा. कापड कापायचं, घड्या घालायच्या, सरस वितळवून चिकटवायचं, हे आजी करायची, मग आई करायची, थोरली प्रमिला लग्न होऊन बारामतीला जाईपर्यंत तीही करायची. भात्याचं काम हलकं नाही, पण भाता करणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. पेटी चांगली वाजली की लोक म्हणतात, सूर काय लावलेत.

मला सूर लावायचे होते. बारावी झाल्यावर मी हट्टच धरला आणि अप्पांनी तो मोडून न काढता मला वायदा दिला. तीन वर्षं शीक, मग एक पेटी एकटीनं लाव. गिऱ्हाइकानं ती ठेवून घेतली तर माझ्या शेजारी तुझा पाट पडेल. नातेवाईक हसले. मुलीला सूर शिकवून काय उपयोग, ती ते सासरी घेऊन जाणार. अप्पा म्हणाले, नेऊ दे की, मी काय ते पेटीत ठेवून देणार आहे. एवढं बोलणं म्हणजे अप्पांचं वर्षाचं बोलणं झालं.

तर तीन वर्षं झाली होती, पेटी लागली होती, आणि परत आली होती.

बुवांनी मग सांगितलं ते असं, की उद्या संध्याकाळी तालुक्याची भजन स्पर्धा आहे, मंडळ गेल्या दिवाळीपासून तयारी करतंय, आणि ही पेटी घेऊन बसले तर गाणाऱ्यांनी सूर धरायचा कुठं. पाचची गाडी मिळाली पाहिजे, तोवर पांचाळांनी स्वतः हात फिरवून द्यावा. मी मनात म्हटलं, द्या फिरवून. लाज जायची ती गेलीच आहे, निदान पेटी तरी जाऊ दे.

"तीच लावंल," अप्पा म्हणाले. "तुम्ही बसा."

बुवांनी माझ्याकडं बघितलं. वाईट नजरेनं नाही, काळजीनं. "पांचाळ, पोरीला शिकवायला माझीच पेटी सापडली का तुम्हाला?"

"चूक तिची आहे. ती काय आहे ते तिलाच सापडायला पाहिजे. चारपर्यंत नाही लागली तर मी लावतो, तुमची गाडी चुकू देत नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि मग तिच्या हातात पुन्हा कानस देत नाही."

साडेअकरा वाजले होते. मी कापड खाली ठेवलं, हात धुतले आणि सुराच्या पाटावर येऊन बसले.

सूर लावायचा म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ, वाऱ्यानं थरथरते. तिच्या टोकाला कानस लावली की सूर चढतो, मुळाशी लावली की उतरतो. सुरांची फळी उचलायची, जिभेखाली पातळ पत्रा सारायचा, एखादाच हात कानस फिरवायची, फळी बसवायची आणि वाजवून बघायचं. घाई केली की संपलं, कारण काढलेलं पितळ परत येत नाही. मुळाशी फार खरवडलं तर जीभ लुळी पडते, नाहीतर तुटतेच.

मी खालचा षड्ज वाजवला. पंचम वाजवला. दोन्ही मिळून वाजवले. सरळ. एक हेलकावा नाही. मला वाटलं, बुवांचे कान गेलेत बहुतेक. पुढचे सूर बघितले, तेही ठीक. मी पेटी बुवांपुढं सरकवली. त्यांनी तेच दोन सूर धरले आणि पेटी हेलकावायला लागली. पेटी तीच, सूर तेच. माझ्या हातात सरळ आणि त्यांच्या हातात वाकडी. मला रडूच यायचं राहिलं होतं.

अप्पा माझ्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते. ते एकच शब्द बोलले. "भाता."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाता जोरात मारला की खालचे सूर दबतात, थोडे उतरतात. मी पेटी लावताना भाता इतका जोरात मारत होते, की ते उतरलेले सूरच मला खरे वाटले आणि मी कानस लावून ते चढवून ठेवले. बुवा भाता मारायचे मऊ. मऊ भात्यावर ते सगळे चढे लागत होते. म्हणजे मी पेटी लावली होती ती माझ्याच जोराला. दुसऱ्या कुणाला ती वाजवताच येणार नव्हती.

चूक सापडली याचा मला आनंद झाला. उपाय सोपा होता: भाता हलका ठेवायचा आणि खालच्या बाजूचे अकरा सूर मुळाशी किंचित खरवडून उतरवायचे. एवढ्यानं भागतंय तर दोनच्या आत काम होईल असं मला वाटलं.

पण हात हलका होईना. मी ठरवून दोन वेळा भाता हलका ओढायचे, तिसऱ्या वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून अप्पांचे गुडघे दिसायचे, आणि हात आपोआप घसाघसा चालायला लागायचा. अप्पा रागावत नव्हते. ते कधीच रागवायचे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर तरी देता येतं. ते नुसते बघायचे. मी कानस उचलली की त्यांची मान एवढीशी पुढं यायची, खाली ठेवली की मागं जायची. तीन वर्षं मी तशीच शिकले होते, हातभर अंतरावरून येणाऱ्या त्या नजरेखाली. "हलका," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "हलका गं." त्यांनी हलका म्हटलं की माझा हात आणखी जड व्हायचा. बुवांनी मधे दोनदा वाजवून बघितलं आणि दोन्ही वेळा पेटी परत माझ्याकडं सरकवली.

जेवायला मी उठले नाही. अडीच वाजले तेव्हा अकरातले तीन सूर कसेबसे लागले होते, आणि खालचा धैवत मी इतका खरवडला होता की आणखी एक हात फिरवला तर जीभ तुटेल अशी भीती वाटत होती. मला कळून चुकलं की हे आज होणार नाही. चारला अप्पा पाटावर बसतील, अर्ध्या तासात पेटी लावतील, आणि मी मागं जाऊन भात्याच्या घड्या घालत बसेन. जन्मभर. कुणी वाईट म्हणणार नाही, बरी मुलगी आहे, भाता छान करते असंच म्हणतील. ते ऐकूनच मी मेले असते.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

आई म्हणजे घरातलं तोंड. अप्पा जेवढे कमी बोलायचे तेवढं सगळं ती बोलून काढायची. भाजीवाली, शेजारीण, मांजर, चूल, तिला बोलायला कुणीही चालायचं. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही. बुवांच्या पुढं कप ठेवला, माझ्या पुढं ठेवला. अप्पांचा कप हातातच धरून उभी राहिली.

"अहो, सरस संपलाय."

अप्पांनी भिंतीवरच्या फळीकडं बघितलं. काचेची मोठी बरणी, गळ्यापर्यंत सरसाच्या तांबूस तुकड्यांनी भरलेली. त्यांनीच सोमवारी भरली होती. ती मला दिसत होती, बुवांना दिसत होती, रस्त्यावरून बघणाऱ्यालाही दिसली असती.

"कुठं संपलाय," अप्पा म्हणाले.

"संपलाय," आई म्हणाली. "जाऊन आणा. आत्ता."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडं, माझ्या डाव्या हाताकडं. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली, वहाणा पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून गेले. चहा प्यायले नाहीत. त्यांचा कप आईच्या हातातच राहिला आणि तो तिनंच उभ्याउभ्या पिऊन टाकला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बापानं मला टाकलं. भरलेली बरणी समोर असताना माणूस सरस आणायला जातो म्हणजे त्याला तिथून पळायचंय, आणि आईनं त्याला पळायला वाट करून दिली. आपल्या मुलीची फजिती परक्या माणसासमोर बघवेना म्हणून गेले. मी कानस खाली ठेवली आणि मान खाली घालून रडले. बुवा बिचारे रस्त्याकडं तोंड करून बसले आणि नको तेवढ्या लक्षानं समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले.

आई कुठं गेली नाही. आतून सुपात गवारीच्या शेंगा घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली, माझ्याकडं पाठ करून. मोडता मोडता तिचं सुरू झालं. गवारीत आज किडकी फार निघतीय. प्रमिलाचं पत्र आलंय, तिच्या सासूनं नवीन शिलाई यंत्र घेतलंय आणि कुणाला हात लावू देत नाही. पलीकडच्या वहिनींनी लोणचं घातलं, त्यात मीठ दोनदा पडलं, आता ते कुणाच्या गळ्यात घालावं म्हणून गल्लीभर वाट्या वाटत फिरताहेत, आपल्याकडंही येतील, तू नको म्हण, मला म्हणवत नाही.

"मीही नाही म्हणणार," मी नाक पुसत म्हटलं. "त्या रडतात."

"मग खा खारट."

मी हसले बहुतेक. आणि उत्तर देता देता, हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून, भाता ओढला. काही ठरवलं नव्हतं. हात नुसता गेला न् आला. आणि खालचा षड्ज मला ऐकू आला. आठ दिवसांत पहिल्यांदा मला तो जसा होता तसा ऐकू आला. चढा, चांगलाच चढा. इतका की मला माझीच लाज वाटली आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

मी फळी उचलली. मुळाशी एकच हात कानस फिरवली. फळी बसवली, वाजवलं. अजून थोडा. पुन्हा एक हात. आईचं लोणच्यावरून आणखी कुठं कुठं चाललं होतं, मी हूं हूं करत होते. दुसरा सूर, तिसरा. धैवताला हात लावायच्या आधी मी थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि जीव मुठीत धरून कानस नुसती टेकवून काढली. जीभ तुटली नाही. हेलकावा मंद झाला, आणखी मंद झाला आणि थांबला. आवाज सरळ निघून गेला.

चार वाजून गेले तेव्हा अकराही सूर लागले होते. अप्पा आले नव्हते. चारची वेळ त्यांनीच घातली होती आणि त्यांनीच ती पाळली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

बुवांनी पेटी पुढ्यात घेतली. डोळे मिटून, अगदी मऊ भात्यावर खालपासून वरपर्यंत गेले, परत खाली आले. मग षड्ज आणि पंचम धरून ठेवले. किती वेळ धरले कोण जाणे. आईच्या हातातली शेंग मोडायची थांबली होती, तेवढं मला दिसत होतं.

"बाळ, ही लागली," बुवा म्हणाले. पेटी चादरीत बांधायला लागले. पायरीवर थांबून वळले आणि म्हणाले, "वडील आले की सांग, पेटी तुझ्या हातची म्हणूनच नेतोय."

अप्पा आले ते साडेपाचला. आले ते आम्ही दोघींनी आधी ओळखलंच नाही. त्यांची मिशी नव्हती. जाड, भरघोस, लग्नाच्या फोटोपासूनची मिशी साफ गेली होती आणि वरचा ओठ उघडा पडून पांढरा दिसत होता. आमच्याकडं माणूस मिशी उतरवतो ते घरात कुणी गेलं तरच. त्यांच्या मागोमाग लोणच्याची वाटी घेऊन पलीकडच्या वहिनी धावत आल्या, चेहरा पांढराफटक, कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या.

"कुणी नाही गेलं," आई म्हणाली. "मिशीच गेली." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

अप्पांनी मला विचारलं, बुवा? मी म्हटलं, गेले. पेटी? मी म्हटलं, नेली. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. हातात सरस नव्हता, काहीच नव्हतं. आणि ते आत जाऊन हातपाय धुवायला लागले. एवढंच. मी वाट बघत होते, काहीतरी म्हणतील. शाबास म्हणू नका, निदान कसं जमलं म्हणून विचारा. नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आले तर त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट होता. नवा, सागवानी, कडा घासून गुळगुळीत केलेला. मला जे पाहिजे होतं ते मिळालं, आणि मी ते घेतलं. पुढं माझं लग्न झालं ते गावातच, दुकान सोडणार नाही या अटीवर, आणि नवरा मास्तर असल्यानं त्याला अटी पाळायची सवय होती. अठरा वर्षं मी अप्पांच्या शेजारी बसून सूर लावले. पण एक गोष्ट मनात टोचत राहिली. मी एखादी अवघड पेटी हातात घेतली की अप्पा उठायचे. चहा घेऊन येतो म्हणायचे, नाहीतर लाकूड बघून येतो. दर वेळी. मला वाटायचं, त्या दिवसासारखंच. माझ्यावर यांचा अजून भरवसा नाही, मी चुकेन आणि ते बघावं लागेल ही भीती. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि एक दिवस ते गेले. त्यांच्या मागं मी तो राग जपून ठेवला. राग कसला, नुसती एक चिडचिड, पण ठेवली.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी मुलगी प्राची कॉलेज संपवून दुकानात बसायला लागली. तिचा मार्ग वेगळा, मोबाइलवर सूर तपासते, मी कानानं. मी तिला कधी रागावत नाही, अगदी ठरवून नाही. तिनं पहिली पेटी एकटीनं लावायला घेतली तेव्हा मी फक्त शेजारी बसले होते, हातभर अंतरावर. काही बोलत नव्हते. तास झाला, दीड तास झाला. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले, कानावरून घाम, आणि भाता घसाघसा चाललेला. मी म्हटलं, हलका. ती म्हणाली, हो. मी परत म्हटलं, हलका गं.

आतून आईनं हाक मारली. आता तिचं वय ब्याऐंशी, भिंतीपलीकडं खाटेवर असते, दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं.

"इकडं ये. आणि बाहेर जा."

मला कळेना, येऊ का जाऊ. जवळ गेले तर तिनं माझं मनगट धरलं.

"तुझ्या बापाला उठवलं होतं मी, तशी तू ऊठ. त्या माणसाला महिनाभर सांगत होते. तुम्ही बाजारात गेलात की पोरीचा भाता मऊ चालतो, तुम्ही आलात की घसाघसा. मी भिंतीमागून ऐकते ना. तर म्हणायचे, मी काय वाघ आहे? मी कधी तिला बोट तरी लावलं का? पटेचना. मग त्या दिवशी सरस संपवला मी."

मी तिथंच खाटेच्या कडेला बसले.

"मग ते मला कधी बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? मी बघत बसलो की तुझा हात बिघडतो, हे बापानं पोरीला कुठल्या तोंडानं सांगावं?" तिनं माझं मनगट सोडलं. "समोर रंगनाथ न्हाव्याकडं जाऊन बसले होते, दुकानाकडं पाठ करून. बघायचं नाही म्हणून. त्यानं विचारलं काय करू, तर म्हणाले कर काय ते. मिशी कधी उतरवली तेसुद्धा कळलं नाही त्यांना. सगळा जीव कानात. तुझा धैवत लागला तेव्हा खुर्चीत रडले म्हणे. रंगनाथनं मला नंतर सांगितलं, त्याला आधी वाटलं, वस्तरा लागला."

अठरा वर्षं तो माणूस माझ्या शेजारून उठून जात होता. चहासाठी, लाकडासाठी, कशाकशासाठी. त्याला चहा आवडायचाही नाही फारसा, हे मला आत्ता आठवलं. मला रडायला वेळ नव्हता. भिंतीपलीकडं भाता घसाघसा चालला होता.

मी दुकानात गेले. पायात चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" प्राचीनं विचारलं.

"सरस संपलाय."

भात्याला आम्ही अजूनही सरसच वापरतो, आणि बरणीही तीच आहे. प्राचीनं फळीकडं बघितलं. "आई, बरणी भरलेली आहे."

"असू दे," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

रंगनाथचं दुकान आता त्याचा मुलगा चालवतो, पण तिथं बाईमाणसानं जाऊन काय करावं. शेजारी रसवंती आहे. तिथं दुकानाकडं पाठ करून बसले आणि उसाचा रस मागवला. एक ग्लास प्यायले, दुसरा प्यायले. चरकाचा आवाज, घुंगरांचा आवाज, मोटारसायकली, काही म्हणता काही ऐकू येईना. तिसरा ग्लास निम्मा झाला तेव्हा चरकवाला बिल लिहायला थांबला, आणि तेवढ्या शांततेत रस्त्यापलीकडून एक सूर आला. मऊ भात्यावरचा, सरळ, कुठं न हेलकावणारा.

मी चौथा ग्लास मागवला.